ब्रोकरशिवाय फ्लॅट भाड्याने द्यायचा तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वारज्यात दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, बदली नाशिकला झाल्यामुळे तो रिकामा पडलाय, ब्रोकर एक महिन्याचं भाडं मागतोय. ते वाचवून स्वतःच भाडेकरू शोधावा का? आणि पुढे भाडेकरूने घर सोडलंच नाही तर काय? मी गेली बरीच वर्षं माझा कर्वेनगरमधला फ्लॅट आणि अमेरिकेत असलेल्या भावाचा पाषाणमधला फ्लॅट ब्रोकर न घेता भाड्याने देते. त्या अनुभवावरून सांगते.

तुम्हाला जास्त काळजी दुसऱ्या प्रश्नाची आहे, हे तुमच्या लिहिण्यावरून कळतं. वीसेक हजार वाचवणं हा त्यातला छोटा भाग. अनोळखी माणसाच्या हातात किल्ली द्यायची आणि वेळेवर ती परत मिळेल याची खात्री कशी करायची, हा तुमचा खरा प्रश्न आहे. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ब्रोकर भाडेकरू आणून देतो, पण तो भाडेकरू वर्षभर कसा वागेल याची हमी देत नाही. भाडं थकलं, नळ फुटला, शेजाऱ्यांशी वाद झाला, तर फोन तुम्हालाच येणार. माणूस पारखणं आणि पक्का करार करणं ही दोन कामं ब्रोकर असला तरी तुमचीच आहेत. ती तुम्ही नीट करणार असाल तर उरलेलं शोधण्याचं काम अवघड नाही, फक्त वेळखाऊ आहे.

हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही मान्य करते. मालक परदेशात असेल आणि पुण्यात विश्वासाचं कोणीच नसेल, तर ब्रोकर घ्यावा. हिंजवडी-वाकडसारख्या भागात एकाच संकुलात एका वेळी अनेक फ्लॅट रिकामे असतात, तिथेही ब्रोकरकडे येणारी गर्दी उपयोगी पडते. वारज्याचं तसं नाही. तिथे कुटुंबं, नोकरदार आणि विद्यार्थी अशी तिन्ही प्रकारची मागणी असते. तुम्ही नाशिकला आहात, म्हणजे पाच-सहा तासांचा रस्ता. दोन शनिवार-रविवार काढू शकलात तर हे काम तुमच्याच्याने होईल.

आधी त्या भीतीबद्दल बोलू. आपल्याकडे ती उगाच आलेली नाही. १९४७च्या मुंबई भाडे कायद्यात भाडेकरूला इतकं संरक्षण होतं की मालकांनी त्यातून सुटायला 'लीव्ह अँड लायसन्स'चा, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता ठराविक मुदतीसाठी फक्त राहण्याची परवानगी देण्याचा मार्ग धरला. मग १९७३मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांनाही भाडेकरूचे हक्क मिळाले. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी घरांमध्ये त्या काळाच्या आठवणी आहेत आणि 'घर भाड्याने देऊ नकोस, जाईल' हा सल्ला तिथूनच येतो. पण आज लागू आहे तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्याच्या कलम २४ नुसार राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली की मालकाला ताबा परत मिळण्याचा हक्क आहे. माणूस निघाला नाही तर नेहमीच्या दिवाणी दाव्यात अडकायचं नसतं, सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठीच सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. समोरच्याला आपली बाजू मांडायची असेल तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत आधी तशी परवानगी मागावी लागते. आणि मुदतीनंतर तो जितके दिवस राहील तितक्या दिवसांसाठी करारातल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम त्याला भरावी लागते. लेखी करारात जे लिहिलंय ते तिथे निर्णायक पुरावा मानलं जातं.

'बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं' हे ऐकून घाबरणारेही खूप असतात. मालकाच्या परवानगीने, करार करून राहणाऱ्याला तो दावा करता येत नाही.

हे सगळं संरक्षण ज्या एका गोष्टीवर उभं आहे ती म्हणजे नोंदणी केलेला करार. त्याकडे खाली सविस्तर येते, कारण लोक नेमके तिथेच हजार-दोन हजार वाचवायला जातात.

आता घराकडे वळू. रंग काढायचा की नाही हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. भिंती मळक्या असतील तर काढा, ठीक असतील तर फक्त स्वयंपाकघर आणि हॉल काढला तरी चालतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाण्याचं आणि विजेचं काम. प्लंबरला बोलावून सगळे नळ, फ्लश आणि बाथरूमची गळती एकदा बघून घ्या. इलेक्ट्रिशियनकडून गिझरचं अर्थिंग तपासून घ्या. गिझरच्या बाबतीत मी कधीच 'चालतंय ना, मग असू दे' म्हणत नाही. खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल आहे का, हेही त्यांना आत्ताच विचारून घ्या. घरात माणसं राहायला आल्यावर बाथरूमच्या फरशा उखडणं सगळ्यांनाच त्रासाचं होतं. खिडक्यांना मच्छरदाणीच्या जाळ्या, पडद्यांचे रॉड, बाल्कनीत कपडे वाळत घालायची सोय या गोष्टींना फार खर्च येत नाही, पण बघायला आलेली बाई आधी तिकडेच बघते.

भाडं ठरवताना वेबसाइटवरचे आकडे हे मालकांनी मागितलेले असतात, मिळालेले नसतात. तुमच्याच इमारतीत किंवा शेजारच्या गल्लीत गेल्या वर्षभरात कोणी फ्लॅट दिला असेल तर त्यांना विचारा. सेक्रेटरींना आणि वॉचमनला बहुतेक वेळा नेमका आकडा माहीत असतो. मग एक साधं गणित करा. समजा रास्त भाडं २०,००० आहे. तुम्ही २१,००० साठी अडून बसलात आणि फ्लॅट एक महिना जास्त रिकामा राहिला, तर २०,००० गेले. ते भरून यायला वाढीव हजार रुपये वीस महिने मिळायला हवेत. तोवर तो भाडेकरू राहील की नाही कोण जाणे. म्हणून मी रास्त भाड्याच्या किंचित खाली आकडा ठेवते. चौकशा जास्त येतात, निवड करायला वाव मिळतो, आणि स्वस्तात चांगलं घर मिळालेला माणूस लवकर सोडून जात नाही.

वेळेचंही भान ठेवा. कुटुंबं मुलांची परीक्षा झाली की एप्रिल-मे मध्ये हलतात. विद्यार्थी आणि नव्याने नोकरीला लागलेली मुलं जून-जुलैमध्ये येतात. पितृपक्षात बरेच लोक नव्या घरात जात नाहीत, त्या पंधरवड्यात फोन कमी आले तर भाडं कमी करायला जाऊ नका.

जाहिरातीसाठी नोब्रोकर, मॅजिकब्रिक्स, ९९एकर्स, हाउसिंग यांपैकी दोन ठिकाणी टाकली तरी पुरे. त्याआधी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. माझे सगळ्यात चांगले भाडेकरू 'आमच्या ऑफिसमधल्या एकाला हवंय' अशा ओळखीतून आले आहेत. फोटो सकाळी, पडदे उघडून, घर रिकामं आणि झाडलेलं असताना काढा. मजकुरात चांगलं आणि अडचणीचं दोन्ही लिहा. उदाहरणार्थ: 'वारजे, दोन बेडरूम, तिसरा मजला, लिफ्ट आहे. एक झाकलेलं पार्किंग. महापालिकेचं पाणी सकाळी येतं, उन्हाळ्यात कधी कधी टँकर. दोन पंखे, गिझर, किचन ट्रॉली. बाकी फर्निचर नाही. भाडं २०,०००, मेंटेनन्स मालक भरणार. डिपॉझिट तीन महिने. करार नोंदणी करूनच. शनिवार-रविवारी घर बघता येईल.' पाण्याबद्दल खरं सांगा. पुण्यात घर बघणारा माणूस ते विचारतोच आणि नंतर कळलं तर तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचाही त्याचा विश्वास उडतो.

जाहिरात टाकली की पहिल्या दिवशी येणारे बरेच फोन ब्रोकरचे असतात. 'माझ्याकडे पार्टी आहे' म्हणतील. नम्रपणे नाही म्हणा. दुसरा एक फोन हमखास येतो आणि त्याबाबत मात्र सावध राहा. समोरचा माणूस आपण लष्करात किंवा निमलष्करी दलात असल्याचं सांगतो, बदली झालीय म्हणतो, घर न बघताच पसंत करतो, ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. मग डिपॉझिट पाठवण्यासाठी म्हणून एक क्यूआर कोड पाठवतो आणि 'स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील' म्हणतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. जो घर न बघता घ्यायला तयार आहे, त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवा.

आता या सगळ्यातलं सगळ्यात मोलाचं काम, भाडेकरू निवडणं. मी फोनवरच चार-पाच गोष्टी विचारते: घरात किती जण राहणार, कोण काय करतं, सध्या कुठे राहता, ते घर का सोडताय, कधीपासून हवंय. शेवटून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी लक्ष देऊन ऐकते. 'मालकाला घर स्वतःसाठी हवंय', 'मुलीची शाळा लांब पडते', 'भाडं वाढवलं' ही सरळ उत्तरं झाली. आधीच्या मालकाबद्दल बराच वेळ फक्त तक्रारीच ऐकू आल्या तर मी आणखी खोलात जाते. 'उद्याच राहायला यायचंय, करार नंतर बघू' म्हणणाऱ्याला मी घर देत नाही, मग तो दोन महिन्यांचं भाडं आगाऊ देवो.

घर बघायला येतील तेव्हा शक्यतो राहणारे सगळे येऊ देत. तुम्ही नाशिकहून येणार आहात म्हणून शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी सकाळी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा द्या. किल्ली वॉचमनकडे ठेवून 'बघून घ्या' असं करू नका. घर बघताना माणूस काय विचारतो, मुलांशी कसा बोलतो, बूट कुठे काढतो, यातून पुष्कळ कळतं. ते फोनवर कळत नाही.

आवडलेल्या दोघा-तिघांकडून कागद मागा: आधार, पॅन, नोकरीचं ओळखपत्र, गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या. व्यवसाय असेल तर आयकर विवरणपत्र. भाडं हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त असेल तर मी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलते, कारण तिथे भाडं थकायला एखादं आजारपण पुरतं. आणि आधीच्या घरमालकाला फोन करा. हे फार कमी लोक करतात. 'पुन्हा द्याल का यांना घर?' एवढाच प्रश्न विचारायचा आणि उत्तराआधी ते किती थांबतात ते ऐकायचं. सध्याचा मालक कधी कधी त्रासदायक भाडेकरू जावा म्हणूनही कौतुक करतो, म्हणून शक्य असेल तर त्याच्याही आधीच्या मालकाशी बोलते.

तुम्ही लिहिलंय की सोसायटीतले लोक 'बॅचलर नको' म्हणतात. मी दोन्ही प्रकारच्या भाडेकरूंना घरं दिली आहेत. नोकरी करणाऱ्या तीन मुलींनी कर्वेनगरचं घर जसं ठेवलं तसं क्वचितच कोणी ठेवलं असेल. एकटे राहणारे लोक घर खराब करतात हा सरसकट समज मला मान्य नाही. फरक पडतो तो राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात आहे की नाही, याने. तिघं राहणार असतील तर तिघांचीही नावं आणि सह्या घ्या. एकाच्या नावावर करार आणि बाकीचे दर दोन महिन्यांनी बदलतात, असं होऊ देऊ नका. विद्यार्थी असतील तर पालकांशी बोला आणि त्यांच्यापैकी एकाला करारात घ्या. आणखी एक कळकळीने सांगते: आडनाव, जात, धर्म किंवा ताटात काय आहे यावरून माणसं गाळू नका. या शहरात घर शोधताना चांगल्या नोकरीतल्या, नेटक्या माणसांना निव्वळ नावामुळे नकार पचवावे लागतात, हे मी जवळून पाहिलंय. भाडं वेळेवर येण्याचा आणि आडनावाचा काहीही संबंध नाही. सोसायटीला मालकावर अशी अट घालता येत नाही. गोंगाट, पार्किंग, कचरा यांचे नियम ती सगळ्यांना सारखे लावू शकते आणि तेवढे पुरेसे असतात.

माणूस ठरला की टोकन म्हणून थोडी रक्कम बँकेतून घ्या आणि जाहिरात बंद करा. त्यानंतर करार.

'अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते' असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं असणार. एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नाही हे देशाच्या नोंदणी कायद्यात आहे, म्हणून ही अकरा महिन्यांची पद्धत पडली. पण महाराष्ट्रात १९९९च्या कायद्याचं कलम ५५ लागू होतं. इथे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मला त्या शिक्षेपेक्षाही मोठी वाटते ती त्याच कलमातली दुसरी तरतूद. नोंदणीकृत करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे भाडं किती, मुदत किती, तो लायसन्सवर होता की भाडेकरू, हे तो सांगेल तसं. तुमची सगळी भीती खरी ठरण्याचा रस्ता हाच आहे, आणि तो बंद करायला येणारा खर्च बघा.

मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. एकूण रक्कम म्हणजे पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत न करायची रक्कम असेल तर ती, अधिक परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने व्याज. तुमचं उदाहरण घेऊ: २०,००० भाडं, ६०,००० डिपॉझिट, २४ महिने. भाडं ४,८०,०००, डिपॉझिटवरचं दोन वर्षांचं व्याज १२,०००, मिळून ४,९२,०००. त्यावर शुल्क सुमारे १,२३० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. यात नोंदणी करून देणाऱ्याची फी आणि किरकोळ हाताळणी खर्च धरा. दोघांनी निम्मा-निम्मा वाटून घेतला तरी चालतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर हे घरबसल्या होतं: आधार, पॅन, दोन साक्षीदार आणि मिळकतीचा तपशील लागतो. किचकट वाटलं तर विभागाचे अधिकृत सेवा पुरवठादार अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतात. तुम्ही नाशिकला आणि भाडेकरू पुण्यात असलात तरी काम होतं. वयस्कर मालकांचे अंगठे कधी कधी यंत्रावर उमटत नाहीत, त्यासाठी आधार आधी अद्ययावत करून घेतलेलं बरं. शेवटी नोंदणी झालेला करार आणि इंडेक्स टू, म्हणजे त्या नोंदणीचा सरकारी उतारा, हातात आल्याशिवाय किल्ली देऊ नका. माझा हा नियम कोणासाठीच बदलत नाही.

मी आता अकरा महिन्यांऐवजी २४ महिन्यांचा करार करते. नोंदणीची धावपळ कमी होते आणि दुसऱ्या वर्षीची भाडेवाढ, पुण्यात साधारण ५ ते १० टक्के चालते, आधीच लिहून ठेवता येते. करारात या गोष्टी स्पष्ट असू द्या: भाडं कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या खात्यात, मेंटेनन्स कोण भरणार, पहिले सहा महिने कोणी सोडायचं नाही, त्यानंतर एक महिन्याची नोटीस, दुसऱ्या कोणाला पोटभाड्याने द्यायचं नाही, घराचा वापर फक्त राहण्यासाठी, ओळीने दोन महिने भाडं थकलं तर करार रद्द. डिपॉझिटमधून काय कापलं जाईल हेही शब्दांत लिहा. 'रंगकामाचे एक महिन्याचं भाडं कापू' अशी मोघम अट मी घालत नाही. दोन वर्षं राहिल्यावर भिंत थोडी मळणारच, ती झीज मालकाची. फुटलेलं बेसिन, तोडलेलं दार, ड्रिलने पोखरलेली टाइल हे भाडेकरूचं. सोबत सामानाची यादी जोडा आणि ताबा देताना पूर्ण घराचा व्हिडिओ दोघांनी मिळून काढा. त्यात वीज मीटरचं रीडिंगही येऊ द्या.

पोलिसांना माहिती देणं मालकाचं काम आहे. पुणे पोलिसांच्या वेबसाइटवर भाडेकरूची माहिती भरता येते. पोलिसांचा तसा आदेश लागू असताना ती दिली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली कारवाई होऊ शकते. पावती जपून ठेवा. तिची आणि कराराची प्रत सोसायटीला द्या. सहकारी गृहनिर्माण सोसायटी असेल तर ती बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क लावेल. १ ऑगस्ट २००१च्या शासन निर्णयाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि महापालिकेचे कर त्या सेवाशुल्कात धरायचे नसतात. अनेक सोसायट्या सरसकट हजार-दोन हजार लावतात. बिल हातात घेऊन, शांतपणे, लेखी विचारा.

कराचं थोडक्यात. वर्षभराच्या भाड्यातून तुम्ही भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीवर खर्च केला असो वा नसो. मालक स्वतः राहत असेल तर पुणे महापालिका मिळकतकरात जी ४० टक्के सवलत देते, ती भाड्याने दिलेल्या घराला नाही. भाडं ठरवताना हा फरक धरा. तुमचा भाडेकरू घरभाडे भत्त्यासाठी तुमचा पॅन मागेल, तो द्या. मालक अनिवासी असेल, माझ्या भावासारखा, तर भाडं कितीही असलं तरी भाडेकरूने करकपात करून उरलेलं द्यायचं असतं. तिथे सीएचा सल्ला घ्याच.

इथवरचं एका दमात: घर दुरुस्त, भाडं रास्त, जाहिरात खरी, आधीच्या मालकाला फोन, राहणाऱ्या सगळ्यांची नावं करारात, नोंदणी झाल्यावर किल्ली, मग पोलीस आणि सोसायटी.

घर दिल्यानंतरचं वागणं तुमच्याकडून कसं असावं, यावर बरंच ठरतं. पाइप, वायरिंग, गळती हे मालकाचं. बल्ब, नळाचा वॉशर, जाळ्या साफ करणं हे राहणाऱ्याचं. तक्रार आली की त्याच दिवशी उत्तर द्या आणि प्लंबरचा खर्च भाड्यातून वळता करायची मुभा ठेवा, नाशिकहून माणूस पाठवत बसू नका. वर्षातून दोनदा, आधी कळवून, घर बघून या. न सांगता दारात उभं राहू नका. आता ते त्यांचं राहतं घर आहे.

वीजबिल तुमच्याच नावावर राहू द्या आणि महावितरणच्या ॲपवर दर महिन्याला भरलंय का ते बघत जा. सहा महिन्यांची थकबाकी एकदम समोर येऊ नये म्हणून एवढं पुरतं.

भाडं थकलं तर पाचव्या-सहाव्या दिवशी फोन करा. अडचण खरी असेल तर लोक सांगतात आणि तारीख देतात. दुसऱ्या महिन्यालाही तेच झालं तर लेखी कळवा, मग वकिलामार्फत नोटीस. काहीही झालं तरी वीज-पाणी तोडू नका, कुलूप बदलू नका, सामान बाहेर काढू नका. अत्यावश्यक सेवा तोडायला भाडे नियंत्रण कायद्यानेच मनाई आहे आणि असं केलं की तुमची बळकट बाजू क्षणात कमकुवत होते. शेवटी शेवटी 'आता डिपॉझिटमधून वळतं करा' ही मागणी येते. ती मान्य करू नका, कारण मग नुकसानीसाठी हातात काहीच उरत नाही.

मुदत संपायच्या दोन महिने आधी विचारा: राहायचंय की जायचंय? राहायचं असेल तर नवा करार, नव्याने नोंदणी. व्हॉट्सॲपवर 'आणखी वर्षभर चालेल' एवढ्यावर सोडू नका. मुदत संपलेला करार घेऊन सक्षम प्राधिकाऱ्यापुढे जाणं आणि चालू करार हातात असणं यात फार फरक आहे.

जाणार असतील तर सामान हलवायच्या दिवशी स्वतः हजर राहा. यादी आणि सुरुवातीचा व्हिडिओ समोर ठेवून घर फिरा, वीज आणि गॅसचं शेवटचं रीडिंग घेऊन हिशेब करा, सोसायटीची थकबाकी नाही ना बघा. किल्ल्या सगळ्या परत आल्या आणि घराचा ताबा मिळाला अशी दोन ओळींची पावती दोघांच्या सह्यांनी करा. आणि डिपॉझिट तिथेच, त्याच दिवशी, बँकेतून परत करा. त्या माणसाला पुढच्या घराचं डिपॉझिट भरायचं असतं. काही कापायचं असेल तर कशाचे किती हे कागदावर लिहून द्या, आणि दुरुस्तीचं बिल आल्यावर त्याची प्रत त्याला पाठवा.